बाटली आसा, होयी?

माझ्या बाबांनी आयुष्यभर मासे ताजे ठेवले, आणि त्याच शहाणपणापायी त्यांनी आपलं इन्सुलिन मारलं.

बाबा तांडेल होते, म्हणजे होडीवरचे मुख्य. आता होडी विकली, आई गेली, ते किनाऱ्याजवळच्या घरात एकटे राहतात. मी मालवणात राहते, स्कूटरने दहा मिनिटांवर. बाबांची नजर मंद झालीय, पण इंजेक्शन ते स्वतःच घ्यायचे. पेनासारखं ते यंत्र, त्यात औषधाची कांडी भरायची, मागची कळ फिरवायची आणि टकटक मोजायची. आकडे दिसत नसले तरी टकटक ऐकू येते, असं त्यांचं म्हणणं. मी हात पुढे केला की ते पेन छातीशी धरून बसत.

त्या दिवशी मी दुपारच्या जेवणाची सोलकढी ठेवायला फ्रीज उघडला, तर कांड्यांची नेहमीची जागा रिकामी. शोधता शोधता वरचा बर्फाचा कप्पा उघडला. तिन्ही कांड्या तिथे, बांगड्यांच्या पिशवीला खेटून, दगडासारख्या गोठलेल्या.

"बाबा! ह्या काय केलास?"

"तूच सांगललंस मा, थंडात ठेवा म्हणान," बाबा शांतपणे म्हणाले. "खाली खंय थंड आसा? वर बर्फ आसा. बर्फात म्हावरा आठ दिस टिकता, ह्या टिकाचा नाय?"

मी कपाळावर हात मारला. गोठलेलं इन्सुलिन वितळवलं तरी कामाचं राहत नाही, हे मला डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं होतं आणि मी बाबांना एकदाही सांगितलं नव्हतं. माझीच चूक. पण माझा स्वभाव असा, की स्वतःची चूक कळली की मी दुसऱ्यावर जास्त ओरडते. पेनात होतं तेवढं सकाळच्या इंजेक्शनात संपलं होतं. संध्याकाळी सात वाजता, जेवणाआधी, दुसरं घ्यायचं होतं. गेल्या वर्षी असंच दोन दिवस चुकलं, तेव्हा बाबा अंगणात कोसळले होते आणि तीन दिवस मला ओळखत नव्हते. ते तीन दिवस मी विसरलेले नाही. घड्याळात बघितलं, साडेबारा.

मी निघाले. खरं सांगते, भीती वाटत होती आणि तरी अंगात एक वेगळीच तरतरी आली होती. हातात मोहीम आली की मला बरं वाटतं. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे. असू दे.

बाजारातल्या ओळखीच्या औषधवाल्याकडे गेले. हा बाबांना होडीच्या दिवसांपासून ओळखतो. चिठ्ठी पुढे केली.

"पेनातला येणा नाय गो आता," तो म्हणाला. "दोन महिने झाले, वरसूनच बंद." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "बाटली आसा, होयी?"

माझं डोकं सटकलं. बाबा एके काळी प्यायचे, हे अख्ख्या बंदराला ठाऊक. आईने शपथ घालून ते सोडवलं, त्याला बारा वर्षं झाली. आणि हा गृहस्थ भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, मला बाटली हवी का विचारतोय!

"आमच्याकडली बाटली कधीच बंद झाली!" मी ओरडले. "म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करतास? लाज वाटणा नाय?"

तो काहीतरी बोलायला गेला, पण मी ऐकायला थांबले नाही. चिठ्ठी हिसकावली आणि पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दुकानात मी आत जायच्या आधीच विचारलं, "पेनातलं इन्सुलिन आहे?" नाही. तिसऱ्या दुकानात, "पेनातलं?" नाही. आता मी एवढी तापले होते की कुणाला दुसरं वाक्य बोलायची संधीच देत नव्हते. बसस्थानकाजवळच्या चौथ्या दुकानदाराने मानेनेच नकार दिला आणि म्हणाला, "कुडाळाक बघा." बस, तेवढं पुरे होतं. स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं, नवऱ्याला फोन करून सांगितलं, "मी कुडाळला चाललेय, जेवून घे," आणि सुटले.

चौके गेलं, धामापूर गेलं. डोक्यावर ऊन, रस्त्याच्या कडेला काजूची झाडं, आणि मी तोंडाने एकटीच त्या औषधवाल्याशी भांडतेय. काय काय सुंदर उत्तरं सुचत होती! नेरूरच्या पुलावर तर एक असं सुचलं की मी स्वतःच हसले. घड्याळ बघायचे, वेग वाढवायचे.

कुडाळात आठवड्याचा बाजार होता. सुक्या मासळीचे ढीग, मिरच्या, कोंबड्या, यातून वाट काढत मी तीन दुकानं पालथी घातली. नाही, नाही, नाही. दुपारचे चार झाले होते. आता अंगात नुसती तरतरी नव्हती. अंगणात पडलेले बाबा डोळ्यांसमोर यायला लागले.

चौथं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर. काउंटरमागे एक मुलगी होती, विशीतली, अंगावर पांढरा कोट. तिने चिठ्ठी नीट, अगदी तारखेपासून वाचली. दुसऱ्या कुणीच एवढं वाचलं नव्हतं. मग शांतपणे म्हणाली, "मावशी, पेनातलं नाही मिळणार. पण बाटली आहे ना."

मी तोंड उघडलं. आता हिलाही सुनवावं म्हणून श्वास घेतला. तेवढ्यात तिने फ्रीजमधून एक एवढीशी काचेची कुपी काढून माझ्यापुढे ठेवली. रबराचं बूच, आत दुधाळ पाणी.

"हेच औषध आहे," ती म्हणाली. "पेनाऐवजी बाटलीत. फक्त सिरिंज वेगळी लागते, लाल टोपणाची. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या."

मी त्या बाटलीकडे बघत राहिले. बाटली. म्हणजे मालवणातला तो... अरे देवा.

मला हसू आवरेना. काउंटरला धरून मी एवढी हसले की त्या मुलीने स्टूल पुढे केलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चालेल, युनिट तेवढेच, लाल टोपणाच्याच सिरिंजने, आणि बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये हळू घोळवायची. मुलीने गार पिशवीभोवती वर्तमानपत्राच्या चार घड्या गुंडाळल्या, वरच्या घडीत बाटली ठेवली आणि बजावलं, "बर्फाला टेकू देऊ नका हं." मी म्हटलं, "बाई, ते आता मला कुणी सांगायला नको."

आनंद अगदी पोटात मावेना. दुकानाच्या पायरीवरूनच बाबांना फोन लावला आणि बाजाराच्या कल्लोळात ऐकू जावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाबा! बाटली गावली!"

बाबांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, आणि दुपारी त्यांच्या ओटीवर जुने खलाशी पत्ते खेळायला जमतात, हे मी विसरलेच. पलीकडून एकदम गलका. कुणीतरी म्हणालं, "तांडेलानू, चेडवान बाटली आणल्यान! आता आमी उठणव नाय." आणि त्या सगळ्यातून बाबांचा चिडका आवाज, "गो, खुळी काय तू? माका कित्याक बाटली? तुझ्या आवशीक शब्द दिलंय मी!"

मी रस्त्यात उभी राहून त्यांना समजावत होते आणि एक सुकी मासळी विकणारी बाई कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

परतताना मालवणच्या त्या दुकानापुढे स्कूटर लावली. माफी मागणं मला जमत नाही, लहानपणापासून नाही. पायरीवर उभी राहूनच म्हटलं, "चुकलंय." त्याने वर न बघता फ्रीजकडे बोट दाखवलं. "पाच आसत. बाटलेक बाटली नाय म्हणाचा तर काय म्हणाचा?" आणि मग तोही हसायला लागला.

साडेसहाला मी बाबांच्या घरी पोचले. पत्तेवाले निघून गेले होते. बाबांनी बाटली हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, सिरिंज लांब धरली, जवळ धरली. तिच्यावरच्या रेघा केसाएवढ्या बारीक. त्यांनी पुन्हा एकदा बघितलं. मग कानाशी नेली आणि दट्ट्या थोडा ओढला. ती टकटक करत नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

मग त्यांनी सिरिंज माझ्या हातात दिली.

मी बाटली तळहातांत घोळवली, रेघा दोनदा मोजल्या. त्यांनी सदरा वर करून पोटाची कातडी चिमटीत धरली. मी सुई टेकवली, मागे घेतली, पुन्हा टेकवली. बाबा खिडकीकडे बघत, जाळं ओढताना खलाशांना सांगायचे तशा आवाजात म्हणाले, "थांब. श्वास घे. हां. आता. सरळ." सुई गेली. "धर थोडी. दहा मोज. आता काढ."

मी काढली. माझ्या कपाळावर घाम आला होता. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

आई गेल्यापासून सहा वर्षांत मी दहा मिनिटं जास्त बसले की ते म्हणत, घराक जा, तुझो घोव वाट बघीत आसतलो. मी मनातल्या मनात त्याच वाक्याची वाट बघत होते. बाबांनी सदरा खाली केला, बटण लावलं, माझ्याकडे न बघता विचारलं,

"सकाळी किती वाजता येतलंस?"