अप्पांनी पाहिलेलं ग्रहण

येत्या फेब्रुवारीत पहाटे छायाकल्प, म्हणजे चंद्रावर नुसती फिकट सावली पडणारं, चंद्रग्रहण आहे, असं पेपरात वाचलं. अठरा वर्षं अकरा दिवसांनी तसंच ग्रहण परत येतं, फक्त साधारण आठ तास उशिरा. म्हणजे मागच्या खेपेला ते संध्याकाळी होतं, आणि मी ते थेरगावच्या आमच्या गच्चीवर अप्पांबरोबर पाहिलं होतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला होते. गाडीच्या दोन दारांच्या रंगातला फरक नुसत्या नजरेने सांगायचे. त्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते घरी बसले. जुन्या कामावर परत घेतील का, या काळजीने त्यांचं बोलणंच कमी झालं होतं.

गच्चीवर शेजारी जमले होते. चंद्र पुरता गोल, पांढरा.

"कुठंय ग्रहण? काहीच नाही राव," म्हणत एकेक जण खाली गेला. मलाही काही दिसेना. अप्पा मात्र मान वर करून उभेच.

"वरची डावी कड बघ," ते हळूच म्हणाले. "शेड बदललीय तिथं. जरा मळकी."

मी खाली जाऊन पेपरातली आकृती पाहिली. सावली तिथेच दाखवली होती. वर येऊन सांगितलं, तेव्हा अप्पांनी कठडा घट्ट धरला. मला वाटलं, थंडी वाजतेय. तोवर ते किती घाबरलेले होते, हे आता कळतं.

पुढच्या आठवड्यात त्यांना जुनं काम मिळालं. पण त्या संध्याकाळीच, जिना उतरताना, त्यांनी आईला हाक मारली होती, "उद्या डबा भर गं. कंपनीत जाऊन साहेबांना भेटतो."