वीतबाईच्या बाजूच्या खिडक्या

वीतबाईला मी तीस वर्षं ओळखते, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगितलं असतं. तिचं घर सात नंबरचं, माझं आठ. मधे एकच भिंत, दोघींची मिळून. तिला हे नाव मीच ठेवलं. ती पडदे शिवते. मापं घ्यायला गेली की आधी टेप काढत नाही; खिडकीच्या चौकटीवरून वीत टाकत जाते, ओठांतल्या ओठांत पुटपुटते आणि मग टेप लावते. फरक बोटभरसुद्धा निघत नाही. "मग टेप लावतेस तरी कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "ताई, गिऱ्हाइकाचा विश्वास टेपवर असतो."

लोक मला भोचक म्हणतात, मी स्वतःला चौकस म्हणते. उभी नोकरी मी टपाल वेगळं करायच्या टेबलापाशी काढली, त्यामुळे पत्त्यावरून माणूस ओळखायची खोड लागली आहे. सुट्या बंगल्यातली माणसं पत्त्यात घराचं नाव घालतात आणि नंबर खुशाल विसरतात. आपलं घर पोस्टमनला ठाऊक असणारच, ही खात्री. आम्ही रो हाऊसवाले मात्र नंबर घालतो, त्याला 'अ' किंवा 'ब' जोडतो, वर 'पाण्याच्या टाकीमागे' असंही लिहितो. तरीही आमची पत्रं शेजारी जातात. चारही भिंती स्वतःच्या असल्या की माणसाला एवढा तोरा कुठून येतो, हे कोडं मला कायम पडलेलं. आमच्या नळ दुरुस्त करणाऱ्याला मी एकदा विचारलं, तुला काय फरक वाटतो रे? तो म्हणाला, "बंगल्याची बेल मी एकदाच वाजवतो आणि गप उभा राहतो. तुमच्याकडे बेल कोण वाजवतंय? कोपऱ्यावरूनच हाक मारतो." मी हे उत्तर बरेच दिवस चघळत बसले होते.

आमची आठ घरं एका ओळीत, एकाच छपराखाली. वीतबाईची थोरली जाऊ बंगल्यात राहते. ती आली की दारातूनच विचारायची, "काय म्हणतेय तुमची आगगाडी?" वीतबाई हसायची आणि पाण्याचा पेला पुढे करायची. मला मात्र राग यायचा. खरं सांगायचं तर आगगाडीतही वर्ग असतात. माझं घर टोकाचं, म्हणून मला एका बाजूनं खिडकी आहे, आणि मधल्या सहा घरांकडे बघताना माझीही मान जराशी ताठ व्हायची. 'टोकाचं घर म्हणजे अर्धा बंगलाच की,' असं मी किती जणांना ऐकवलं असेल! त्या खिडकीपुढे मी काचेचं कपाट ठेवलंय, ही गोष्ट वेगळी.

वीतबाई स्वभावानं हळू. बोलणं हळू, दार लावणं हळू, भांडं खाली ठेवणंही हळू. नवरा गेला तेव्हा तिचं रडणंसुद्धा मला भिंतीपलीकडून ऐकू आलं नाही. लेकीचं लग्न झाल्यावर तर घरात माणूस आहे की नाही, असं वाटायचं. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "शेजारीण असावी तर अशी. मशीन चालवते, पण तीस वर्षांत आवाज नाही!"

यंदा एका शाळेनं सभागृहाचा मोठा पडदा तिच्याकडे शिवायला दिला. गर्द जांभळी मखमल, सहा पट्टे उभे जोडायचे. मखमलीला लव असते, हे मला तिनंच शिकवलं. वरून खाली हात फिरवला तर एक रंग, खालून वर फिरवला तर दुसरा. सगळे पट्टे एकाच दिशेनं लागायला हवेत. तिचं मशीन मधल्या खोलीत. मधल्या घरांच्या मधल्या खोलीला खिडकी कुठून असणार? पुढचा उजेड पुढच्या खोलीत संपतो, मागचा स्वयंपाकघरात. बल्बखाली बसून तिनं पडदा पुरा केला. तो टांगला तेव्हा शाळेच्या बाईंनी लांबून बघितलं, आणि चौथा पट्टा फिकट. उलटा लागलेला! पडदा परत आला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे येऊन बसली, हात मांडीवर उताणे टाकून. "ताई, हातानं कळायला हवं होतं. आधी कळायचं. आता हातही फसतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. सुईत दोरा ओवायला मला अर्धा तास लागतो. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू नाही, काही नाही. वय आहे आणि उजेड कमी पडतो. हे काम सुटलं तर मी करू काय? मला दुसरं काही येत नाही हो." इतकं एका दमात बोलताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मी तिला जास्त वॅटचा बल्ब लावायचा सल्ला दिला. तो तिनं आधीच लावला होता.

त्याच आठवड्यात तिच्या भावाचा निरोप आला. भाऊ कायमचा परदेशी, लेकीकडे निघालेला. त्याचं सुटं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. 'रिकामं ठेवायचं नाही, तू राहा. महिनाभर राहून बघ आणि काय ते कळव, नाहीतर मी दुसरी सोय बघतो,' असं त्यानं सांगितलं. वीतबाईनं टेम्पोत मशीन चढवलं, मखमलीचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि गेली.

आगगाडीत कुजबुज सुरू झाली. तीन नंबरची म्हणाली, "चढली हो बाई! आता पत्त्यात घराचं नाव घालील." पाच नंबरच्या आजोबांनी पैजेवर सांगितलं की तिला तिथे करमणार नाही, पंधरा दिवसांत परत येईल. मलाही मनातून तेच वाटत होतं. जावेच्या टोमण्यांचा वचपा काढायला गेलीय, हौस फिटली की येईल. आणि लपवायचं कशाला, मला तिच्यावाचून चैन पडत नव्हतं. जी शेजारीण कधी ऐकूच यायची नाही, ती नसल्याचं मात्र भिंतीपलीकडून चांगलं कळत होतं. तिसऱ्या आठवड्यात मी बस धरली. तिला परत आणायचं, असं मी ठरवूनच निघाले होते.

फाटक, चार पावलं फरशी, मग दार. मला नळवाला आठवला. मी बेल एकदाच वाजवली आणि गप उभी राहिले.

"या या या ताई!" आतून एवढ्या मोठ्यानं हाक आली की दुसरंच कुणी घरात आहे की काय, असं मला वाटलं. दार उघडलं तर वीतबाईच.

मी घर बघायला लागले. त्यासाठीच तर आले होते. पुढच्या खिडकीला सुरेख पडदा, चुण्या एकसारख्या. मागच्या खिडकीलाही तसाच. आणि दोन्ही बाजूंच्या चार खिडक्या उघड्याबोडक्या! शेजारच्या बंगल्यातल्या वाळत घातलेल्या चादरीवरची फुलंसुद्धा मोजता येत होती.

"अगं, हे काय? सगळ्या गावाला पडदे शिवणाऱ्या बाईच्या घरात ही दशा?"

तिनं कपाळावर हात मारला आणि खदाखदा हसली. "विसरले! अहो खरंच विसरले. आले, पुढे वीत टाकली, मागे वीत टाकली, कापड बेतलं, शिवलं, टांगलं, आणि मग मान वळवली तर बाजूला खिडक्या! तीस वर्षं बाजूला भिंतच असते, असंच डोक्यात बसलेलं. शेजारच्यांनी चिठ्ठी पाठवली, 'कृपया पडदे लावावेत.' तीन आठवड्यांत त्यांचा माझ्याशी तेवढाच संबंध."

मला हवी ती संधी मिळाली. "बघ! चिठ्ठी पाठवणारे शेजारी. साखर संपली तर कुणाला हाक मारशील? चल परत."

"साखर संपली तर चपला घालाव्या लागतात, हे खरं," ती म्हणाली. "संध्याकाळी जीव खायला उठतो, हेही खरं. पण इकडे या."

पूर्वेच्या उघड्या खिडकीला लागून मशीन मांडलं होतं. त्यावर तीच जांभळी मखमल. चौथा पट्टा उसवून ती पुन्हा जोडत होती. ती बसली, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं आणि पहिल्या झटक्यात सुईत ओवलं. मग माझ्याकडे बघितलं, परीक्षेत पहिला नंबर आलेल्या पोरीसारखं. "डोळे गेलेच नव्हते हो, ताई! पडदा उद्या शाळेत जाईल."

माझ्या तोंडून आनंदाच्या आधी कुतूहलच बाहेर पडलं. "मग तिथे तरी पुढच्या खिडकीशी का बसत नव्हतीस? पुढच्या खोलीत चांगला उजेड येतो की."

त्या भेटीत पहिल्यांदाच तिचा आवाज जुन्यासारखा खाली आला. "बसत होते ना. राहायला आले तेव्हा पहिला आठवडा पुढच्या खिडकीशीच होतं मशीन, तुमच्या भिंतीला लागून. तुम्ही आलात आणि म्हणालात, मशीनचा फार आवाज येतो हो. मग मी ते आत नेलं."

मला काहीही आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. नवी शेजारीण आली, मी डोकावले असेन, सहज बोलले असेन आणि घरी येऊन विसरूनही गेले असेन. आणि ती तीस वर्षं बल्बखाली बसली. तिचा जो हळू स्वभाव मी साऱ्या जगाला कौतुकानं सांगत फिरले, तो स्वभाव नव्हताच.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. मला माझीच लाज वाटत होती, म्हणून प्रश्न रागानं आला.

"काय सांगायचं? आवाज तर येतच होता," ती म्हणाली. "तुम्ही खोटं थोडंच बोलला होतात? जाऊ द्या. दादाला या आठवड्यात कळवायचंय. काय कळवू?"

ती खरंच माझा सल्ला विचारत होती. मी नको म्हटलं असतं तर ती परत आलीही असती, याची मला तेव्हा भीती वाटली.

"राहा म्हणून कळव," मी म्हणाले. "आणि पूर्वेच्या खिडकीला पडदा लावलास तर पातळ लाव."

आता सात नंबरमध्ये तसबिरींच्या चौकटी करणारा एक तरुण आणि त्याची बायको भाड्यानं आलेत. सामान लावून झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ठकठक सुरू झाली, थेट माझ्या उशाच्या भिंतीत. चहाच्या कपावर तरंग उठत होते. थोड्या वेळानं तो पोरगा दारात उभा. बेल नाही, हाकच मारली. "काकू, पुढच्या खिडकीशी बाकडं मांडलंय, उजेड चांगला येतो तिथे. आवाजाचा त्रास होतोय का? तसं असेल तर मधल्या खोलीत नेतो. अंधार आहे जरा, पण चालेल."

मी कानामागे हात नेला. "कसला रे आवाज?" मी म्हणाले. "मला तर काहीच ऐकू आलं नाही."