उसाला मोबाइल म्हणाला, उपटा

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या. कारण स्वतःची सोयरीक मोडायचं यंत्र मी स्वतःच बनवून, खिशात घालून नेलतं.

झालं काय, आमी आष्टीकडची कोरडवाहू माणसं अन् पोरगी माजलगावची, धरणाखालच्या बागायतीची. आप्पांना, म्हंजे माझ्या वडलांना, घेऊन पाहायला गेलतो. पोरगी, शीतल, मला बघताक्षणी पसंत. पण तिचे वडील काही मला पसंत करीनात. पुण्यात पोरगं नेमकं करतं काय, ह्येच धरून बसले.

मी म्हणलं, मामा, मी मोबाइलला शेतीचं शहाणपण शिकवतो, विचारा काय बी. आप्पा तवर पोह्याची दुसरी बशी संपवून लोडाला टेकलेते.

मामांनी विचारलं, आमच्या उसाला आता काय करावं? मोबाइल लगेच बोलला, "फुलायच्या आत मुळासकट उपटून बांधावर टाका."

मी घाईघाईनं मोबाइल बंद करून परत चालू केला. त्यात मामा ज्वारीचं विचारून बसले. उपटा. गहू? उपटा. बाजरी? ती बी उपटा.

मग घाम पुसत कबूल करावं लागलं. शास्त्रानं ऊस, ज्वारी, गहू समदे गवताच्याच घराण्यातले. म्हणून मी त्यांना 'गवत' या नावाखाली बसवलं, अन् गवतापुढं एकदाच लिहिलं, फुलायच्या आत मुळासकट उपटा. वरच्याला लिहिलेलं खालच्याला वारशानं लागू. वेगळं असंल तिथं तेवढा अपवाद लिहायचा. तोच लिहायचा माझा राहिलता.

"म्हंजे वरच्याचं खालच्यात येतंच?" मामांनी विचारलं.

"आपसूक येतं, मामा. लिहायचं बी काम न्हाई," मी छाती फुगवून सांगितलं. आता तुमीच सांगा, कुठं गप बसावं ह्ये मला कवा कळणार?

मामांनी नुसतं आप्पांकडं बोट केलं. आप्पा तोंड उघडं टाकून असे घोरत होते की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"मामा, मी अपवाद हाय," मी रडकुंडीला येऊन म्हणलं.

दाराआडून शीतल हसली. "बाबा, अपवाद मी लिहिते. तुमी हो म्हणा."

लगीन झालं. परवा सासुरवाडीला पुरणपोळी हाणून लोडाला जरा टेकलो. जाग आली तर समोर अख्खं घर बसलेलं, अन् मामा लेकीला हळूच विचारत होते, "शीतल, त्यो अपवाद लिहायचा राहिला का गं?"