जनकाबाईचा झाकलेला पाय

जनकाबाई माझी थोरली जाऊ. आमच्या कुरुंदा गावात कुठंही हळद शिजवायची कढई लागली की तिला बोलावणं यायचं. नाही आलं तरी ती जायची. हळकुंडात काडी टोचून, शिजलं का न्हाई ते सांगायची, आणि कुणी ऐकलं न्हाई तर ऐकेपर्यंत तिथंच बसायची.

दोन हजार सालच्या आसपास अशाच एका कढईजवळ ती चिखलात घसरली. नडगीचं हाड मोडलं. तिच्या लेकानं, शिवशंकरनं, तिला जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. डॉक्टरनं विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?"

"तंबाखू बाप्ये खातात."

ती सकाळ-दुपार-संध्याकाळ मिशरी लावायची. मिशरी तंबाखू भाजूनच करतात, पण ती दातांची वस्तू. म्हणून ती खोटं बोलली असं मी म्हणणार न्हाई.

रक्तात शुगर निघाली. ती गोळ्यांनी खाली आणून डॉक्टरनं हाडाला स्टीलची प्लेट बसवली. घरी सोडताना बजावलं, गोड बंद, बँडेज सोडायचं नाही, टाके काढायला इकडंच यायचं.

घरी आल्यावर गाव भेटायला लागलं. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायचं म्हणजे बिस्किटचा पुडा न्यायचा आणि काय झालं ते डोळ्यानं बघायचं. बघितलं न्हाई तर भेट धरत न्हाईत. लोक लांबून येतात, त्यांना नुसतं बँडेज कसं दाखवायचं? जनकाबाई बँडेज सोडायची, दाखवायची, परत गुंडाळायची. बिस्किटं चहात बुडवून खायची.

तिची चुलतबहीण मिराबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती आली, वाकून बघितलं, बोटानं दाबलं.

"लोखंड लागत न्हाई वं हाताला."

"आतमधी हाय. बाहीर काहून लागंल?"

"अन् हळद न्हाई लावली? कुरुंद्यात राहून?"

तिनं हळद लावून दिली. आपल्याच शेतातली, चांगल्या मनानं.

पुढच्या आठवड्यात ताप भरला. पाय सुजला, वास येऊ लागला. परत जीप, परत नांदेड. मी सोबत होते. डॉक्टरनं बँडेज सोडलं आणि वाकून बघितलं.

"हे पिवळं काय, पू आहे का हळद?"

"दोन्ही असंल," जनकाबाई म्हणाली.

डॉक्टर हसला न्हाई. पू प्लेटपर्यंत गेला असेल तर प्लेट काढावी लागेल, हाडात मुरला तर पायाचंही सांगता येत नाही, म्हणाला. तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. शिवशंकरचा हात धरून म्हणाली, "पाय ऱ्हाऊ दे रे बाबा. सुनंच्या खांद्यावर परसाकडं जायची येळ नको आणू." सून तिथंच उभी होती. तिनं मान हलवली. तिलाही तेच पाहिजे होतं.

जखम उघडून धुतली. शुगरची सुई सुरू झाली. मिशरीची डबी नर्सला उशीखाली सापडली, मग तीही गेली. प्लेट वाचली.

या बारीला घरी आल्यावर तिनं पायावर चादर घेतली आणि कुणालाच दाखवायचं न्हाई असं ठरवलं. पू निघताना ती रडली नव्हती, पण मिराबाईला नाही म्हणताना तिनं चादरीच्या टोकानं डोळे पुसले.

"चहा घे, माझं तोंड बघ. पाय झाकेल हाय."

"आमी आता परके झालो व्हय?"

"डॉक्टरनं सांगितलं."

"डॉक्टर लेकीच्या लग्नात आहेर घेऊन येतो का?"

मिराबाई पुडा ठेवून निघून गेली. पुडा आम्ही खाल्ला. तिनं येणं बंद केलं, रस्त्यात दिसली तर मान फिरवायची.

पावसाळा सरला तेव्हा डॉक्टरनं चालायला परवानगी दिली. जनकाबाईनं काठी घेतली, मला सोबत घेतलं आणि सगळं गाव ओलांडून मिराबाईचं घर गाठलं. तीन ठिकाणी बसलो. दारातच लुगडं नडगीपर्यंत वर घेऊन म्हणाली, "आता बघ. लागंल तेवढं दाबून बघ."

मिराबाईनं तांदूळ निवडता निवडता एकदा नजर टाकली.

"भरलं की सगळं," ती म्हणाली. "आता बघण्यासारखं काय ऱ्हायलं त्यात?"

आणि चहा ठेवायला आत गेली.