मुख्यालय बोलतंय

मला सासर मिळालं ते कर्ण्यासकट. मोताळ्यात बाजाराच्या रस्त्यावर आमच्या यांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं, आणि पंचक्रोशीतलं एकही लग्न यांच्या आवाजाशिवाय लागत नसे. मी शाळेत मास्तरीण, शिवाय गाईडच्या पोरींची बाई. तोंडाची फटकळ. हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

नवं मराठी राज्य होऊन पाच-सात वर्षं झाली असतील. शाळेत वीज नुकतीच आलेली. दरवर्षी स्काऊट-गाईडचा मेळावा भरायचा आणि दरवर्षी तेच ते: गाठी मारा, तंबू ठोका, पाहुण्यांना सलामी ठोका. मला वीट आला होता. मी म्हटलं, या वर्षी शोधमोहीम घेऊ. पोरापोरींच्या तुकड्या मैदानाच्या कडेनं नळगंगा नदीच्या काठापर्यंत पसरतील आणि त्यांना कर्ण्यातून हुकूम येतील, वायरलेसवर आल्यासारखे. पुलाखालचा निरोप शोधा, जखमीला झोळीतून आणा, असे. सरहद्दीवर लढाई नुकतीच होऊन गेली होती, पोरं गल्लीत दिवसभर तेच खेळत होती. त्यांना खोटा आवाज देऊन चालणार नव्हतं.

"तुह्या डोक्यात काय शिरलं वं?" हे म्हणाले. पण मनातून खूश होते. मलकापुराहून यांनी जुना फितीचा टेपरेकॉर्डर आणला होता, उचलायला दोन माणसं लागत, आणि त्याचं करायचं काय हे यांना अजून उमगलं नव्हतं.

पहिल्यांदा यांचाच आवाज भरला. जन्मभर लग्नात बोललेला माणूस! "पहिल्या तुकडीतील समस्त मंडळींना नम्र विनंती, की त्यांनी पुलाखाली जाण्याची कृपा करावी." मी कपाळावर हात मारला. मग माझा भरला. तो ऐकून पोरी हुकूम पाळायच्या सोडून पाढे म्हणायला लागल्या असत्या. तुपाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलून पाहिलं, माठात बोलून पाहिलं, तोंडाला रुमाल बांधून पाहिलं. शेजारच्या बाईनं कुंपणावरून विचारलं, "मास्तरीनबाई, घरात कोनाच्या अंगात आलं काय?"

तेव्हा ओसरीवरच्या बाजेवरून आवाज आला. "नाई. नाई. असं... नसते."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. बोलले होते मामाजी, माझे सासरे.

मामाजी इंग्रजांच्या काळातल्या मोठ्या लढाईत लष्करात होते आणि तिथं वायरलेसवरच होते. परत आल्यावर वरवट बकालपासून इकडं सगळीकडे गोष्टी सांगणारा माणूस म्हणून त्यांचं नाव. पारावर बसले की लोक शेतात जायचं विसरत. आदल्या वर्षी त्यांना लकवा मारला. हातपाय सावरले, जीभ मात्र जड राहिली. शब्द मधेच अडकायचा, सुटला तर लडबडत सुटायचा. एकदा बाजारात कुणीतरी परका हसून म्हणाला, "बुढा सकाळीच पिऊन आला वाटते." मामाजींनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी घराबाहेर तोंड उघडलं नाही. घरातही हवं-नकोपुरतं. बाकी सगळं त्यांच्या वतीनं सासूबाई बोलायच्या. कुणी विचारलं, "बुवा, बरं हाय ना?" की या लगेच, "हो, बरं हाय त्याईले." तो गोष्टीवेल्हाळ माणूस असा मुका बसलेला पाहून मला राग यायचा, नेमका कुणाचा ते कळायचं नाही.

म्हणून मी तिथंच धरलं त्यांना. "असं नसते, तर कसं असते? तुम्हीच सांगा ना मामाजी."

त्यांनी मान हलवली. मी हट्टाला पेटले. "तुमचा आवाज हाय हे कोनाले सांगनार नाई. मानूस दिसतच नाई, नुसता कर्णा. कोन हसनार?"

त्यांनी तुपाचा डबा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "कोनाले... नाई सांगायचं."

"आईची आन," मी म्हणाले.

मग त्यांनी आम्हाला शिकवलं. वायरलेसवर घाई नसते. लाइन खराब असली की प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. मधे थांबायचं, कारण पलीकडचा माणूस लिहून घेत असतो. सांगून झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि उत्तराची वाट पाहायची. आमचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून त्याची खरखर शेजारी चालू ठेवली, मामाजी तुपाच्या डब्यात बोलले. "मुख्यालय... बोलतंय. मुख्यालय बोलतंय." अगदी डोंगरापलीकडून आल्यासारखं.

इथं आमच्या यांनी घोळ घातला. बापावरची माया, दुसरं काय! दोन दिवस दुकान बंद ठेवून, ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन बसले, आणि जिथं जिथं मामाजी अडखळले होते तिथं तिथं फीत कापून काढली. प्रत्येक आवंढा, प्रत्येक थांबा. मग मामाजींना बाजेवरून उठवून आणलं आणि फीत लावली. आत आजारापूर्वीचे मामाजी बोलत होते, झरझर, एका दमात.

सासूबाई चुलीपाशी होत्या. तव्यावरची भाकर करपली तरी त्यांना कळलं नाही.

मामाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "कोन हाय... हा?"

"बाबा, तुम्हीच. पयलेसारखे."

"पयलेचा... गेला. अन असं कोनी बोलत नाई." मग चिडले. लकव्यानंतर चिडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. "दम घ्यायले जागा... ठेवली नाई. आयकनारा लिवीन कवा? जागा पायजे. जागेत खरखर भर."

हे लहान पोरासारखे खाली मान घालून उभे. कापलेले तुकडे परत जोडू म्हणाले, तर तुकडे कुठायत? सासूबाईंनी ओसरी झाडून सगळे उकिरड्यावर टाकले होते. तिथं बकरी ते चघळत होती. मी हसू का रडू अशी उभी, आणि हे बकरीला शिव्या देतायत. शेवटी सगळं नव्यानं भरलं. या वेळी फीत कापायची ती फक्त खोकला आला तिथं. मामाजी अडकले की हे रेडिओची खरखर हळूच वाढवायचे, शब्द सुटला की कमी करायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, लाइनच खराब आहे.

मेळाव्याच्या दिवशी सगळा मोताळा मैदानावर. शाळेच्या ओट्यावर कनात लावली, तिच्याआड टेपरेकॉर्डर, हे, आणि स्टुलावर मामाजी. सासूबाई बायकांत बसल्या. मी शिट्टी वाजवली आणि कर्ण्यातून खरखर सुरू झाली. काय सांगू! वात्रटातली वात्रट पोरं ताठ उभी राहिली. "पहिली तुकडी... पुलाखाली. पहिली तुकडी, पुलाखाली. ओव्हर." सुटली पोरं. दुसरी तुकडी झोळी घेऊन निघाली. मामाजी कनातीच्या फटीतून पाहत होते आणि त्यांचे ओठ फितीबरोबर हलत होते.

आता आमच्याकडे एक खोड आहे. लग्नात कर्णा म्हणजे माणूसच. मांडवातून कुणी ओरडलं की हे माइकवरून त्याला उत्तर देणार, त्याची थट्टा करणार, पाव्हण्याला जिलबी मिळाली की नाही विचारणार. पोरं त्यातच वाढलेली. फितीत भरलेला आवाज आपलं ऐकत नाही, हे त्यांच्या गावी नव्हतं. तिसरी तुकडी माझ्या गाईडच्या पोरींची. वारा उलटा होता, त्यांना हुकूम नीट ऐकू गेला नाही. पार काठावरून त्या हातातली निशाणं हलवत ओरडल्या, "मुख्यालय! आयकू नाई आलं! फिरून सांगा!"

फीत आपली पुढं चाललेली, चौथ्या तुकडीचं बोलत.

"फिरून सांगा हो, मुख्यालय!"

मी कनातीआड धावले. "मागं घ्या, मागं घ्या!" हे चक्री उलटी फिरवायला लागले, आणि फीत गुंतून बाहेर आली. पोरी ओरडतच होत्या. मामाजी उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. नंतर एकदा त्यांनी सांगितलं, वायरलेसवर सगळं चालते, पण पलीकडून कोनी 'फिरून सांगा' म्हटलं अन आपन गप राह्यलो, असं चालत नाई. तो मानूस एकटा असते.

त्यांनी यांचा लग्नांत बोलायचा माइक उचलला. फटीतून पोरी नीट दिसेनात, म्हणून कनात बाजूला सारली. सगळ्या गावासमोर.

"तिसरी... तिसरी तुकडी." खरखर नाही, डबा नाही. तीच जड जीभ, कर्ण्यातून गावभर. कुणी हसलं असतं तर मी त्याचे दात घशात घातले असते, मास्तरीण असले तरी. "वडाखाली... जखमी हाय. वडाखाली... ज... जखमी हाय. घेऊन या. ओव्हर."

मधल्या थांब्यात पोरी हलल्यासुद्धा नाहीत. मुख्यालय बोलत असताना हलायचं नसतं, एवढंच त्यांना ठाऊक. मग एकदम ओरडल्या, "आलं आयकू! निघालो!" आणि वडाकडे पळत सुटल्या.

खेळ संपेपर्यंत मामाजींनी माइक खाली ठेवला नाही.

नंतर ओट्यावर चहा आला. हेडमास्तर कप घेऊन मामाजींपुढं उभे राहिले. "बुवा, सगळा आवाज तुमचाच होता?"

"हो, त्याईचाच..." सासूबाई सवयीनं बोलून गेल्या, आणि अर्ध्यातच पदराचा बोळा तोंडात कोंबून थांबल्या.

मामाजींचा जबडा हलत होता. शब्द माझ्या ओठांवर आला होता, मी तो गिळला. हेडमास्तरांचा चहा निवत चालला, तरी ते तसेच उभे.

"माहाच," मामाजी म्हणाले. "माहाच होता... सारा."

सासूबाईंना हुंदकाच फुटला. वर्षभराचं साठलेलं, ते काही थांबेना. त्या स्वतःच ओशाळल्या आणि मामाजींचा दंड धरून ओढायला लागल्या. "चाला घरी. चाला. लोक पाहून राह्यले."

मामाजी जागचे हलले नाहीत. त्यांनी आवंढा गिळला, दम घेतला.

"पाहू दे," म्हणाले.