रात्रीची पाकोळी

नोखायाच्या सासऱ्यांचं नाव लुलामा. तुम्ही-आम्ही ते खुशाल घ्यावं, नोखायानं घ्यायचं नाही. एवढ्यावर भागतं तरी ठीक होतं. पण दक्षिण आफ्रिकेतल्या या खोसा लोकांच्या घरात सासऱ्याच्या नावाचा नाद ज्या शब्दात येतो, तो शब्दही सुनेनं टाळायचा असतो. आणि खोसांच्या भाषेत वटवाघूळ म्हणजे इलुलवाने! नेमकी हीच सून पवनचक्क्यांखाली मेलेली वटवाघळं शोधायच्या कामाला लागली. दैवालाही थट्टा सुचते कधीकधी.

सकाळी डोंगरावर जायचं आणि चक्कीखालचं गवत ओळीओळीनं चालून बघायचं. कुठल्या चक्कीची पाती किती वटवाघळांना फटका मारतात ते कळलं, की मंद वाऱ्याच्या रात्री तिथली पाती थांबवत. नोखायाचा नवरा दूर खाणीत. घरात सासरे आणि त्यांची कुरकुर, "पँट घालून हिंडते. मोठ्यांचा मान राहिलाय कुठे?" डोंगरावर मात्र ती कुणाची सून नसायची. त्या कामावर तिचा फार जीव होता.

वटवाघूळ सापडलं की वायरलेसवर सांगायची, "रात्रीची पाकोळी मिळाली." जुना मुकादम गावचाच, त्याला बरोबर कळायचं. तो काम सोडून गेला आणि त्याच्या जागी जोहान्सबर्गमध्ये वाढलेला अथेनकोसी आला. त्यानं वहीत सगळ्या पाकोळ्या पक्ष्यांत जमा केल्या. मग शोधणाऱ्यांची नजर तपासायला रीतीप्रमाणे मेलेली वटवाघळं गवतात स्वतःच लपवून ठेवली.

"सिसी," ताई म्हणावं तसं त्यानं वायरलेसवर विचारलं, "वटवाघूळ मिळालं का?"

"पाकोळी मिळाली."

"पाकोळ्यांचं काय लोणचं घालू? मी वटवाघळाचं विचारतोय!"

"मग मी कशाचं सांगतेय?"

"पाकोळीचं!"

आता खुलासा करायचा, तर नावापाशी यावं लागणार. तिनं पाकोळी पिशवीत टाकली आणि पुढची ओळ धरली. अथेनकोसीनं ठरवलं, बाईला दिसत नाही.

दुपारी तो घरीच आला. "ताता," बाबा म्हणावं तसं तो सासऱ्यांना म्हणाला, "तुमच्या सुनेला उद्यापासून कामावर घेता येणार नाही."

नोखाया चहा गाळत होती. तिनं किटली खाली ठेवली, आतून पिशवी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्यानं पिशवीचं तोंड उघडून पाहिलं. त्यानं लपवलेली वटवाघळं सगळीच्या सगळी आत होती.

"अगं, ही तर इलुलवाने!" तो ओरडला. "मग पाकोळी-पाकोळी काय लावलं होतंस? हा साधा शब्द येत नाही तुला? इ-लु-ल-वा-ने! म्हण बघू!"

नोखायानं मान खाली घातली. सासरे मात्र ताठ बसले. आपलंच नाव कानावर आदळल्यासारखं त्यांना झालं.

"ती नाही म्हणायची," ते म्हणाले. "माझं नाव लुलामा आहे, शहाण्या. आईनं काही शिकवलं की नाही?"

अथेनकोसीचा चेहरा पडला. "चुकलं, ताता."

म्हाताऱ्यानं सुनेकडे पाहिलं. "डोंगरावर सुद्धा? तिथं कोण होतं ऐकायला?"

"कुणी नव्हतं, ताता."

त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. मग अथेनकोसीला म्हणाले, "ती पाकोळीच म्हणेल. तू वटवाघूळ समजायचं. आणि उद्या ती कामावर येईल."

"येऊ दे, ताता."

मग त्यांनी किटली उचलली आणि तिच्यासाठी कपात चहा ओतला. सासऱ्यानं सुनेला चहा द्यावा, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. नोखायानं कप दोन्ही हातांनी घेतला. साखर घालायला ते विसरले होते. तिनं तो तसाच, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.