काचेवरचा डाग

कापसाला सोन्याचा भाव आला त्या सालांत अमरावतीच्या व्यापाऱ्यांना आपापली तसबीर भिंतीवर हवीशी झाली, आणि घरची भिक्षुकी सोडून तसबिरी उतरवायची पेटी आणि काचा घेऊन बसलेल्या माझं बरं चाललं. पण हलू नयेत म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावून बसवलेली ती तोंडं बघून मी विटलो होतो. एकदा अकोल्याच्या जुन्या शहरात चारचौघांत बोलून बसलो, की मी जांभळ्या पाणकोंबडीची तसबीर काढून दाखवीन. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. हे पाखरू पाणकणसांतून क्षणभर डोकावतं आणि नाहीसं होतं. मसाला लावलेल्या माझ्या ओल्या काचेला ते दोन वेळा गायत्री म्हणून होईपर्यंत स्तब्ध हवं. माझ्याजवळ घड्याळ नव्हतं, वेळ मी तशीच मोजायचो.

बार्शीटाकळीजवळच्या तळ्यावर आठ दिवस घालवले. प्रत्येक काचेवर पाणी आणि गवत. पाखरू कुठंच नाही. शेवटी तिथल्या एका पाखरं धरणाऱ्या म्हाताऱ्या जाळेवाल्याला गाठलं. त्यानं दुपारपर्यंत एक पाणकोंबडी धरून आणली आणि बारीक दोऱ्यानं तिच्या पापण्या शिवल्या. आमिषाला ठेवायच्या पाखराचे डोळे तो असेच शिवत असे.

"डोळे शिवले का पाखरू हालत नाई, महाराज," तो म्हणाला. "पन दिवस बुडाच्या आंदी धागा काढा लागते."

मला शिसारी आली. तरी मी पेटी लावली.

त्या दिवशी वाऱ्यानं पाणकणसं हलली आणि काच वाया गेली. ऊन उतरलं तसा म्हाताऱ्यानं धागा कापायला सुरी काढली. मी म्हणालो, राहू दे सकाळपर्यंत, सकाळी वारा नसतो. त्यानं एकदाच विचारलं, काहून? मी पडलो महाराज, माझा शब्द तो कसा मोडणार. त्यानं सुरी परत कमरेला खोवली. अंधार पडेपर्यंत पाणकणसांतून दुसरं एक पाखरू ओरडत होतं.

सकाळी पान हलत नव्हतं. तळ्याच्या काठी पाणकोंबडी चिखलात उभी होती. पेटीचं झाकण काढून मी, घरच्या सवयीनं, डोळे मिटले आणि मंत्र दोनदा म्हटला. उजेड मागणारा मंत्र, आणि समोर शिवलेले डोळे. याची लाज मला आजही वाटते.

मग म्हाताऱ्यानं धागा कापला. पापण्या सुजल्या होत्या, आत सगळं पांढरं. त्यानं तिच्या तोंडापुढून हात फिरवला. ती हलली नाही.

"आता तिले काई दिसून नाई राहिलं," तो म्हणाला.

माझ्या काळ्या तंबूच्या अंधारात काच धुतली. पीस न् पीस उमटलं होतं. पण तिच्या अंगाला लागून, तिच्याच उंचीचा, धुरकट डाग होता. मसाला बिघडला असं मला वाटलं. उन्हात नेऊन म्हाताऱ्याला दाखवली.

"तो डाग नाई. जोडीदार आलता तिचा. तिच्यापाशी उभा राह्यला, मंग गेला." आणि काच परत देत तो म्हणाला, "तुमी डोळे मिटून व्हते."

ती काच अजून माझ्या भिंतीवर आहे. येणारे म्हणतात, पाखरू किती शांत निजलंय, तेवढा डाग मात्र खरवडून टाका. मी हो म्हणतो. रोज पुसताना त्या जागी हात थांबतो, आणि मी ती काच तशीच परत टांगतो.